रंग टोपीचा, जीव खुंटाचा



आज द्राक्षावर नाही, ड्रॅगनवर नाही, बाजारभावावर तर नाहीच नाही. आज लिहितोय खिडकीतल्या चार इंची कुंडीवर. हसा खुशाल. पण तीस वर्षं बागायत करणाऱ्या माणसानं दीडशे रुपयांचं झाड अडीच महिन्यांत मारलं. ते का मेलं हे शोधताना जे कळलं, ते प्लॉटलाही लागू पडतं. म्हणून लिहितोय.

झालं असं. गेल्या दिवाळीला लेक पुण्याहून आली. बरोबर सात वर्षांची नात आणि नातीच्या मांडीवर ही कुंडी. कुंडीत वीतभर उंचीचं तीन धारांचं हिरवं खोड आणि त्याच्या डोक्यावर लिंबाएवढा लालभडक गोळा. हिरव्या काठीवर कुणी लाल टोपी ठेवावी तसं. शहरात त्याला मून कॅक्टस म्हणतात. नातीनं त्याचं नाव ठेवलं होतं 'टोपीवाला'. त्यांच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही. जाताना पोरगी म्हणाली, "आबा, तुम्ही शेतकरी आहात ना, मग हा तुमच्याकडं राहू दे. मे महिन्यात मी न्यायला येते."

शेतकरी आहात ना! झालं, मला चेव आला. टोपीवाला टीव्हीच्या शेजारी फळीवर बसला. लेकीनं जिथून घेतला त्या दुकानदारानं सांगितलं होतं, रोज थोडं पाणी घाला. मी थोडं कशाला घालतोय? सकाळचा चहा झाला की तांब्यातलं उरलेलं पाणी त्याला. एखाद दिवशी मी विसरलो तर आमची कारभारीण घालायची. कधी कधी दोघंही घालायचो. टोपी रोज चमकत होती, मग मला वाटायचं सगळं झकास चाललंय.

संक्रांतीची साफसफाई करताना कारभारणीचा हात लागला आणि टोपीवाला आडवा झाला. बुडात बघतो तर खोड पिकून गेलेल्या केळ्यासारखं मऊ. दाबलं तर तपकिरी पाणी आलं, वासही आला. आणि टोपी? टोपी तशीच लालभडक. खाली सगळं कुजून गेलेलं आणि वर रंग जसाच्या तसा.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या हिरव्या खोडाकडं नीट बघितलं. तीन धारा, धारेवर बारीक काटे. अरे, हे तर ड्रॅगनचं खोड! माझ्या बांधावर छाटणीचा ढीग पडलाय तेच हे. अडीच महिने घरात ठेवून मी ते ओळखलं नाही, कारण मी बघत होतो टोपीकडं.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. हे झाड पाळणाऱ्यानं टोपीकडं नाही, खुंटाकडं बघून पाणी द्यावं. आणि हे झाड विकणाऱ्यानं ते दोन झाडांचं कलम आहे हे गिऱ्हाइकाला सांगितलंच पाहिजे. या दोन गोष्टी झाल्या तर घरोघरी कचऱ्यात जाणारी निम्मी झाडं तरी वाचतील असं मला वाटतं.

हे झाड म्हणजे नेमकं काय

वरची टोपी म्हणजे जिम्नोकॅलिशियम नावाचा लहान गोल निवडुंग. त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, पॅराग्वेकडं. तिकडं तो लाल नसतो, हिरवट-करडा असतो. 1941 साली जपानमध्ये एइजी वातानाबे नावाच्या रोपवाटिकावाल्याला या निवडुंगाच्या हजारो रोपांत दोन लाल रोपं दिसली. हरितद्रव्य नसल्यानं खालचा लाल रंग उघडा पडला होता. हा लाल रंग ज्या कुळातला, त्याच कुळातला रंग बिटात, लाल राजगिऱ्यात आणि लाल गराच्या ड्रॅगनमध्ये असतो.

आता हरितद्रव्य नाही म्हणजे काय, हे शेतकऱ्याला फोडून सांगायला नको. मक्याच्या ओळीत कधी एखादं पांढरं रोप उगवतं. आठ-दहा दिवस राहतं, बियातला साठा संपला की जातं. या लाल रोपांचंही तेच झालं असतं. वातानाबेनं ती हिरव्या निवडुंगावर कलम केली आणि ती जगली. आज जगभर जे लाल, पिवळे, नारिंगी, गुलाबी गोळे विकले जातात ते त्याच वाटेनं आलेत. दक्षिण कोरियात तर या कलमांची मोठी शेती आहे आणि तिथून ती देशोदेशी जातात. खाली खुंट म्हणून बहुतेक ड्रॅगन फ्रुटचंच खोड वापरतात, कारण ते झटपट वाढतं, लगेच मुळी धरतं आणि कलम चटकन स्वीकारतं.

म्हणजे टोपी स्वतः काहीच कमवत नाही. ऊन खाऊन अन्न करायचं काम खुंटाचं. पाणी ओढायचं काम खुंटाचं. टोपीचं काम फक्त दिसायचं. टोपी कापून मातीत लावली तर ती मुळी धरून जगेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अंगावर थोडा हिरवा भाग असलेल्या काही मिश्र रंगाच्या जाती स्वतःच्या मुळीवर तग धरतात, पण पूर्ण लाल किंवा पूर्ण पिवळी टोपी जगत नाही.

द्राक्षवाल्यांना यात नवीन काय? आपण सगळे डॉगरिजवर बसलोय. जानेवारी-फेब्रुवारीत खुंट लावायचा, पावसाळा सरता सरता कलम भरायचं आणि मग पुढची पंधरा वर्षं माणूस विचारणार, "व्हरायटी कुठली?" कुणी विचारत नाही, खुंट कसा आहे. क्षारपड पाणी, चुनखडी जमीन, पाण्याची ओढ हे सगळं खाली तो सोसतो. नाव मात्र वरच्या व्हरायटीचं.

पाणी: प्रेमानं मरतात ती झाडं

आमचा भाग आटपाडी-जतकडचा. दुष्काळात वाढलेली माणसं आम्ही. पाणी पाजणं म्हणजे पुण्य, एवढंच लहानपणापासून कळलेलं. म्हैसाळ, टेंभूचं पाणी आलं तेव्हा लोकांनी कालव्याची पूजा केली, मीही केली. पण ज्यानं तहान बघितलीय त्याच्या हातून पाणी जास्तच जातं.

माझा पहिला ड्रॅगनचा प्लॉट 2018 चा. ठिबक रोज चालू. शेजारी म्हणायचा, "अहो, निवडुंग आहे तो, ऊस नाही." मी ऐकलं नाही. 2019 च्या परतीच्या पावसात आधीच भिजलेल्या जमिनीवर आणखी पाणी बसलं आणि माझ्या साठ पोलांवरची झाडं बुडातून कुजली. त्या वेळी मी पावसाला शिव्या दिल्या. आज सांगतो, पाऊस निमित्त होता. वाफसा मी आधीच घालवला होता. तेच खोड, तीच चूक, फक्त या वेळी रानाऐवजी कुंडीत.

निवडुंगाची एक रीत समजून घ्या. आपली बाकीची पिकं दिवसा पानांची छिद्रं उघडी ठेवतात. निवडुंग दिवसा तोंड मिटून बसतो आणि रात्री गारव्यात हवा आत घेतो. त्यामुळं त्याच्या अंगातून पाणी फार कमी उडतं. खोडच त्याची टाकी. टाकी भरलेली असताना बुडाशी चिखल ठेवला तर मुळीला हवा मिळत नाही, मुळी गुदमरते आणि मग बुरशी आत शिरते.

तेव्हा पाण्याचा माझा आताचा हिशेब असा. वार बघून पाणी द्यायचं नाही. बांबूची काडी कुंडीत बुडापर्यंत खुपसायची, पाच मिनिटांनी काढायची. काडीला ओल किंवा माती चिकटली तर पाणी नाही. कोरडी आली की भरपूर द्यायचं, खालच्या भोकातून निथळेपर्यंत, आणि बशीतलं पाणी ओतून टाकायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी पाळी येते. थंडीत तीन आठवडे, कधी महिना. पावसाळ्यात हवा दमट असली की महिनाभर हात लावत नाही. पाणी मातीवर द्यायचं, टोपीवर नाही. टोपी आणि खुंटाच्या सांध्यात पाणी साचलं की तिथून कूज सुरू होते. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर येतो. पावसाचं पाणी भरून ठेवलं तर उत्तम.

तहान लागली की खुंट सांगतो. धारा जरा बारीक होतात, बाजू आत ओढल्यासारख्या दिसतात. पाणी दिलं की दोन-चार दिवसांत भरून येतात. पण माती ओली असताना खुंट सुरकुतला तर ती तहान नाही, मुळी गेली आहे. त्या वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे मेलेल्याला पाजणं.

माती, कुंडी, ऊन

बाजारातून झाड येतं ते बहुतेक नुसत्या कोकोपीटमध्ये. वाहतुकीला हलकं म्हणून. घरात ते चालत नाही. वरून कोरडं दिसतं, आत आठवडाभर ओलं राहतं. आणल्यावर आठवडाभर झाडाला घराची हवा लागू द्या, मग माती बदला. आपली काळी माती तर अजिबात नको. ती कपाशीला चांगली, याला नाही. मी दोन वाटे चाळणीवर उरलेली जाड वाळू, एक वाटा बारीक मुरूम आणि एक वाटा चांगलं कुजलेलं गांडूळखत घेतो. मूठ दाबून सोडली की ढेकूळ न होता सुटलं पाहिजे. कुंडी मातीची, खाली भोक असलेली, चार इंची. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओल, जास्त धोका. माती बदलल्यावर पाच-सहा दिवस पाणी नाही, तुटलेल्या मुळीची जखम सुकू द्यायची.

उन्हाचा इथं पेच आहे. खुंटाला उजेड भरपूर पाहिजे, कारण कमावणारा तो एकटा. पण टोपीला हरितद्रव्याचं संरक्षण नाही. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात ती भाजते, पांढरट डाग पडतात आणि ते डाग पुन्हा जात नाहीत. म्हणून पूर्वेची खिडकी सगळ्यांत बरी. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, बाकी दिवसभर उजेड. टीव्हीशेजारची फळी म्हणजे अंधारकोठडी. तिथं टोपी लाल दिसत राहते आणि खुंट उपाशी मरतो. खुंट पिवळट, लुकडा दिसायला लागला की समजा, उजेड कमी पडतोय.

थंडीत रात्री कडाका पडला तर खिडकीपासून आत घ्या. दहा अंशांच्या खाली ड्रॅगनच्या खोडाला सोसत नाही. खत फार नको. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, बस. जास्त खतानं अंग फुगतं आणि मऊ पडतं.

खुंटाला बाजूनं फुटवा आला तर द्राक्षाच्या खुंटाचा काढतो तसा काढून टाका. नाहीतर सगळा जोर तिकडं जातो. पण फेकू नका. तो पुढं खुंट म्हणून कामाला येतो. मिलीबगवर लक्ष ठेवा. टोपीच्या खाली, सांध्याच्या फटीत पांढरा कापूस दिसला की तोच. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवून पुसून घ्या, चार दिवसांनी पुन्हा. बागेतलं जालीम औषध घरात फवारायची काही गरज नाही.

टोपीवाल्याचं पुढं काय झालं

संक्रांतीला आडवा झालेला टोपीवाला मी फेकणार होतो. मग नातीचा चेहरा आठवला. म्हटलं, हजारो द्राक्षाची कलमं माझ्या डोळ्यांदेखत झाली, एवढं एक जमणार नाही?

मोठी टोपी कापून बघितली. मधोमध जी गोल रिंग असते, रस वाहणारी, तिच्यात तपकिरी ठिपके. कूज वर चढली होती. काप घेत गेलो, ठिपके संपेनात. ती टोपी गेली. पण तिच्या कडेला तीन पिल्लं होती, वाटाण्यापेक्षा जरा मोठी. ती आतून स्वच्छ निघाली. नांग्या भरायला पिशवीत लावलेली ड्रॅगनची रोपं दारात होतीच.

कसं केलं ते लिहितो, कुणाला उपयोग होईल. ब्लेड नवीन, स्पिरिटनं पुसलेलं. खुंट मुळी धरलेला, भरलेला, कोवळा पण लुसलुशीत नाही. जुन्या खोडात मध्ये लाकूड तयार झालेलं असतं, तिथं कलम धरत नाही. खुंटाचा शेंडा आडवा सपाट कापायचा. तिन्ही धारांचे कोपरे जरासे उतरते छाटायचे, नाहीतर सुकताना मधला गर आत बसतो, कडा वर राहतात आणि पिल्लू उचललं जातं. पिल्लाचं बूड सपाट कापायचं. आता दोन्हीकडं मध्ये बारीक रिंग दिसते. खरी कला तिथं. द्राक्षात आपण सालीला साल मिळवतो, इथं रिंगेला रिंग मिळवायची. दोन्ही सारख्या आकाराच्या असतील तर बरोबर एकावर एक. लहान-मोठ्या असतील तर पिल्लू जरा बाजूला सरकवायचं, म्हणजे रिंगा एकमेकींना कुठंतरी नक्की कापतील. लावायच्या आधी दोन्हीकडचा एक पातळ काप पुन्हा घ्यायचा आणि ओलं असतानाच बसवून, हलकं दाबून हवा काढायची. मग दोन रबर बँड डोक्यावरून कुंडीच्या खालून. घट्ट नको, पिल्लू हलणार नाही इतपत.

सावलीत, कोरड्या जागी आठ-दहा दिवस. कापावर पाण्याचा थेंब नको. मग रबर काढायचं. पिल्लू टणक आणि चमकदार असेल तर धरलं. सुरकुतलं, बोट लावताच हललं तर गेलं. कोरडी, उबदार हवा या कामाला चांगली, फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस पूर्ण उघडल्यावर. मला संक्रांतीच्या थंडीत करावं लागलं, कारण थांबायला वेळ नव्हता.

तीनपैकी दोन गेली. एकाची रिंग माझ्याकडून चुकली, दुसरं काळं पडलं. तिसरं धरलं. तीस वर्षांच्या अनुभवाला तेहतीस टक्के मार्क! आमच्या वेळी पासिंग पस्तीसला होतं, म्हणजे मी नापासच.

विकणाऱ्यांना दोन शब्द

हे मी गावात सांगितलं तेव्हा दोन-तीन तरुण पोरं लगेच म्हणाली, "अण्णा, ड्रॅगनची छाटणी तर फुकटच आहे. खुंट आपला, वर टोपी लावायची, पुण्याला पाठवायचं. करूया का धंदा?"

करा की. मी नको म्हणत नाही. पण मोबाईलवर 'एका गुंठ्यात लाखो' बघून करू नका. खुंट फुकट आहे हे खरं, टोपी फुकट नाही. मातृझाडं विकत आणावी लागतात, त्यांची पिल्लं यायला वेळ लागतो, शेडनेट लागतं, पावसाळ्यात कुजतं आणि कलमाला हात बसेपर्यंत माझ्यासारखी तीनातली दोन जातात. बागेचा जोडधंदा म्हणून, घरातल्या लेकी-सुनांच्या बारीक हाताला काम म्हणून, शंभर कुंड्यांपासून सुरू करा. त्यापुढचं गिऱ्हाईक ठरवेल.

आणि एक करा, जे आज फारसं कुणी करत नाही. प्रत्येक कुंडीसोबत एक चिठ्ठी द्या, मराठीत, चार ओळींची:

हे दोन झाडांचं कलम आहे. खालचं हिरवं खोड जगलं तरच वरचा रंग जगतो.
माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी देऊ नका.
सकाळचं ऊन द्या, दुपारचं नको.
हे कलम काही वर्षांचं असतं. पिल्लं आली की नव्या खुंटावर चढवा.

चौथी ओळ लिहायला विकणाऱ्याच्या जिवावर येईल. पण ती खरी आहे. ड्रॅगनचा खुंट आणि वरचा गोळा यांची वाढ जुळत नाही. काही वर्षांनी खुंट थकतो. हे झाड जन्मभराचं नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं तर ते पुन्हा येईल. नाही सांगितलं तर ते म्हणणार, "माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत," आणि पुन्हा कधी कुंडी घेणार नाही. आपल्याला कुणी खुंट न सांगता द्राक्षाची रोपं विकली तर आपण त्याच्या दारात जाऊन भांडतो. मग आपण तसं का करायचं?

दुसरं. साध्या निवडुंगाला रंग मारून विकतात, वर सुकं फूल गोंदानं चिकटवून विकतात. मून कॅक्टसचा रंग आतून असतो, कापलं तरी गर लाल किंवा पिवळा. रंग मारलेल्याची नवीन वाढ हिरवीच निघते, आणि रंगाच्या थराखाली त्याला उजेड मिळत नाही. घेणाऱ्यांनी शेंड्याकडं बघावं, सांधा बघावा, खुंटाचं बूड हलकं दाबून बघावं. टोपी शेवटी बघावी.

पारावरची गोष्ट

पारावर हे सांगत होतो तर एकजण म्हणाला, "म्हणजे बघा, आपण खुंट आणि शहर म्हणजे टोपी. आपण राबायचं, त्यांनी मिरवायचं." सगळे हसले. टाळ्या मिळणारं वाक्य आहे. पण मला ते पुरतं पटलं नाही. ड्रॅगनच्या खोडाला टोपीची काही गरज नसते, टोपी काढली तर ते उलट जोमानं वाढतं. आपलं तसं नाही. आपला माल घेणारं कुणी नसलं तर आपण काय करणार? आणि माझी लेक, नात तिकडंच आहेत. त्यांना मी नुसती टोपी कशी म्हणू?

मला त्यातलं एवढंच घ्यावंसं वाटतं. जे दिसतं त्याच्या तब्येतीवरून जे दिसत नाही त्याची तब्येत कळत नाही. घड लोंबत असतात आणि पांढरी मुळी कधीच थांबलेली असते. घरात माणूस हसत असतं आणि आतून खचलेलं असतं. टोपी शेवटपर्यंत लाल राहते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून अधूनमधून खाली हात लावून बघायचा.

मे महिन्यात नात आली. गाडीतून उतरल्या उतरल्या, "आबा, टोपीवाला?" कारभारीण मला आधीच म्हणाली होती, बाजारातून तसाच एक आणून ठेवा, पोरीला काय कळतंय. मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. पण चिठ्ठी लिहा म्हणून जगाला सांगणारा मी, घरातच खोटं कसं बोलणार?

तिला खिडकीपाशी नेलं. पूर्वेची खिडकी, मातीची कुंडी, ड्रॅगनचा जाडजूड खुंट आणि वर करवंदाएवढी लाल टोपी. म्हटलं, "बाळा, तुझा टोपीवाला माझ्या हातून गेला. मी त्याला फार पाणी पाजलं. हे त्याचं पिल्लू आहे, आपल्या रानातल्या खोडावर बसवलंय."

पोरगी बराच वेळ बघत राहिली. मग बोटानं टोपीला नाही, खालच्या खोडाला हात लावला आणि विचारलं, "आबा, हा कोण?"

अडीच महिने मी जे विचारलं नव्हतं, ते तिनं एका मिनिटात विचारलं.

कुंडी तिनं नेली नाही. म्हणाली, "आमच्याकडं ऊन नाही, इथंच राहू दे. पण आबा, पाणी काडी बघूनच घाला."

घालतोय बाई, काडी बघूनच घालतोय.

तुमच्या घरात असा टोपीवाला असेल तर आज त्याचं बूड तपासा आणि काय आढळलं ते जरूर लिहा. ड्रॅगनवाल्यांनी छाटणीच्या खोडावर कलम करून बघितलं असेल तर किती धरली, किती गेली, तेही खरं खरं लिहा. गेलेल्यांचा आकडा लपवू नका. शिकायला तोच कामाचा असतो.

राम राम.